५६के मोडेमवर ५६ हजार कधीच का दिसले नाहीत?

प्रश्न असा आहे: घर आवरताना वडिलांचा जुना मोडेम सापडला. डब्यावर ठळक ‘५६के’ छापलंय, पण त्या काळी स्क्रीनवर कधी ३१,२००, कधी ४५,३३३ असेच आकडे यायचे. पुढे त्याच फोनच्या तारेवर ब्रॉडबँड आलं आणि आरामात २ एमबीपीएस मिळाले. तार चांगली होती, तर मोडेम इतका मंद का? आणि आता फायबरच्या डब्याला जो फोनचा जॅक असतो, त्याला हा मोडेम लावला तर चालेल का?

तार निर्दोष होती आणि मोडेमही. अडवणूक होती एक्स्चेंजमधल्या लाईन कार्डात, म्हणजे तुमची तार जिथे येऊन टेकते त्या सर्किटच्या पाटीत. त्यातही चूक कुणाची नव्हती, कारण ते कार्ड माणसाच्या बोलण्यासाठी बनवलं होतं आणि आपण त्यातून भलतंच काहीतरी घुसवत होतो. माझी निम्मी नोकरी एक्स्चेंजमध्ये गेली आणि उरलेली डायल-अपच्या, म्हणजे फोन लावून मिळणाऱ्या इंटरनेटच्या पलीकडच्या टोकाला, इंटरनेट कंपनीत, जिथे तुमचे सगळ्यांचे फोन येऊन पडायचे त्या रॅकपाशी. त्यामुळे शिव्या दोन्ही बाजूंच्या खाल्ल्या आहेत.

तुमच्या घरातून निघालेली तांब्याच्या तारांची जोडी वाटेतल्या जोडपेट्या (डीपी, पिलर, कॅबिनेट) करत एक्स्चेंजला पोचते आणि लाईन कार्डावर चढते. तिथे आधी चाळणी लागते. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो, बाकीचं कापलं जातं. एवढ्यात माणसाचा आवाज ओळखू येतो आणि बोलणं कळतं. तबल्याचा डग्गा आणि झांजेची किणकिण गेली तरी टेलिफोनवाल्यांचं काही अडत नाही. फोनवर गाणं ऐकलं की ते डब्यात वाजल्यासारखं वाटतं, ते यामुळेच. मग उरलेल्या लहरीची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवलं जातं. २५६ पायऱ्या म्हणजे ८ बिट्स. ८,००० गुणिले ८, म्हणजे ६४,०००. एक्स्चेंजच्या आत एक फोन म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट्स, ना कमी ना जास्त. डायल-अपची सगळी धडपड या आवाराच्या आतली आहे.

मोडेमचं काम म्हणजे बिट्सना आवाजाचं सोंग देणं आणि पलीकडे ते उतरवणं. सुरुवातीची सोंगं अगदी साधी होती. ३०० बिट्सच्या व्ही.२१ पद्धतीत फोन करणारा ९८० आणि १,१८० हर्ट्झ अशा दोन शिट्ट्या वापरायचा, उत्तर देणारा १,६५० आणि १,८५० अशा. एक शिट्टी म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. प्रत्येक अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट्स लागत, म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं. मजकूर उमटत जायचा तसतसा माणूस वाचत जाऊ शकायचा.

इथे लोकांचा एक गोंधळ होतो तो बॉड आणि बिट्समधला. विहिरीवरून कावडीने पाणी आणायचं असेल तर दोन गोष्टी बघायच्या: सेकंदाला फेऱ्या किती आणि दर फेरीत घागरी किती. फेऱ्या म्हणजे बॉड, घागरी म्हणजे बिट्स. चाळणीचा पट्टा अरुंद आहे म्हणून फेऱ्या फार वाढवता येत नाहीत. ३,१०० हर्ट्झच्या वाटेवर तीन-साडेतीन हजार फेऱ्यांपुढे गर्दी होऊन एकीचं पाणी दुसरीवर सांडतं. म्हणून २,४०० बिट्सचा मोडेम ६०० फेऱ्यांतच भागवायचा, दर फेरीला ४ बिट्स. ९,६०० वाला २,४०० फेऱ्या मारायचा. १४,४०० वालाही २,४००च. त्याने फक्त घागरी वाढवल्या.

घागरी वाढवायच्या कशा? अंगणातली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. लहरीची उंची आणि तिची वेळेतली सरक यांच्या प्रत्येक जोडीला एक ठिपका. १६ ठिपके असतील तर एका ठिपक्यातून ४ बिट्स कळतात, १२८ असतील तर ७. पण अंगण तेवढंच राहतं, कारण लाईनवर किती ताकदीचा सिग्नल सोडायचा यावर बंधन असतं. ठिपके वाढले की ते जवळजवळ येतात. लाईनवरचा गोंगाट म्हणजे रांगोळी घालणाऱ्याचा थरथरता हात. ठिपका हवा तिथे न पडता जरा बाजूला पडतो. सोळांमध्ये ते खपून जातं, दाटीवाटीत नाही. १९९४ मध्ये आलेल्या व्ही.३४ ने फेऱ्या ३,४२९ पर्यंत नेल्या, आणि १९९६ मध्ये त्याचा वेग २८,८०० वरून ३३,६०० झाला तेव्हा अंगणात तब्बल १,६६४ ठिपके होते. जुन्या, जागोजागी जोड मारलेल्या तांब्यावरून आलेल्या लहरीत इतकी नाजूक रांगोळी ओळखायची, हे मला आजही अचाट वाटतं. स्वस्तातला तैवानी डबा म्हणून आपण त्याची किंमत केली नाही.

त्यापुढे का नाही? माहितीशास्त्राचा पाया घालणारे गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सूत्र देऊन ठेवलं होतं: पट्ट्याची रुंदी आणि सिग्नल-गोंगाटाचं प्रमाण सांगा, जास्तीत जास्त वेग सांगतो. रुंदी ३,१०० हर्ट्झ आणि सिग्नल गोंगाटापेक्षा ३५ डेसिबल वर, म्हणजे सुमारे ३,१६० पट ताकदीचा, असं धरलं तर उत्तर ३६ हजारांच्या आसपास येतं. लाईन कितीही कोरी करकरीत असली तरी ३७-३८ डेसिबलच्या वर गाडी जात नाही, कारण एक्स्चेंजमध्ये प्रत्येक माप जवळच्या पायरीवर ‘बसवताना’ जी गोळाबेरीज होते, तीच गोंगाट बनून बसते. म्हणजे ३३,६०० हे जवळपास छताला टेकलेलं डोकं होतं.

आता तुमच्या आठवणीतल्या आवाजाकडे वळतो. तो किर्रर्र-खर्रर्र निरर्थक नाही, क्रमवार ऐकला तर त्यात अख्खी वाटाघाट आहे. डायल टोन, मग नंबराचे दुहेरी सूर. जुन्या यांत्रिक स्ट्रोजर एक्स्चेंजला ते सूर कळत नसत. तिथे मोडेमला सुरांच्या ‘एटीडीटी’ या हुकमाऐवजी ‘एटीडीपी’ द्यायचं, की मोडेम सेकंदाला दहा ठोके या हिशोबाने टकटक करत नंबर फिरवायचा. पलीकडून फोन उचलला की एक लांब शिट्टी येते, २,१०० हर्ट्झची. कान देऊन ऐका: ती साधारण दर ४५० मिलिसेकंदांनी किंचित अडखळते. तो अडखळा म्हणजे वाटेतल्या यंत्रांना निरोप. लांबच्या लाईनवर प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बसवलेली असतात. बोलणाऱ्या माणसांना ती उपकारक, पण मोडेम आपला प्रतिध्वनी स्वतःच निस्तरतो, त्याला ही लुडबुड नको. अडखळा ऐकला की ती बाजूला होतात.

मग एक बारीक किरकिर येते. हे दोन्ही मोडेम ३०० बिट्सच्या त्याच जुन्या व्ही.२१ मध्ये एकमेकांना विचारत असतात, तुला कोणकोणत्या पद्धती येतात. नवी मंडळीसुद्धा ओळख करून घेताना आजोबांच्या भाषेतच बोलतात, कारण ती सगळ्यांना येते. त्यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. एक मोडेम १५० पासून ३,७५० हर्ट्झपर्यंतचे २१ सूर एकदम लावतो आणि पलीकडचा ऐकत बसतो, की कोणता सूर किती खचून पोचला. मग उलट. सोनार कसोटीवर सोनं घासतो तशी ही लाईनची कसोटी. किती फेऱ्या मारायच्या आणि कोणत्या सुराला किती जोर द्यायचा ते यावरून ठरतं. पाठोपाठ दोघंही स्वतःच्या प्रतिध्वनीचा अंदाज घेतात. एकाच जोडीवर दोघं एकाच वेळी तोच पट्टा वापरून बोलतात, त्यामुळे स्वतःचा परत आलेला आवाज पलीकडच्याच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो; तो वजा केल्याशिवाय काहीच ऐकू येणार नाही.

शेवटी नुसती खरखर उरते. मोडेम बिट्स मुद्दाम घुसळून पाठवतो, म्हणजे ताकद सगळ्या पट्ट्यावर सारखी पसरते. ती खरखर ऐकून आपल्याला लाईन बिघडल्यासारखं वाटतं, पण पट्ट्याचा सगळ्यात काटकसरीने वापर तिथेच चाललेला असतो. आणि नेमका त्याच क्षणी स्पीकर बंद व्हायचा.

या सगळ्याला २०-३० सेकंद लागत. दुकानातली जुनी कार्ड घासायची यंत्रं म्हणूनच १,२०० किंवा २,४०० बिट्सवर चालायची: पाठवायची चार-दोनशे अक्षरं, त्यासाठी अर्धा मिनिट कसोटी कोण लावणार?

मग ५६के कुठून आलं? शॅनन खोटा पडला का? नाही, वाटच बदलली. दुकानदाराकडे सुटे नसले की तो अठराचा माल विसाला लावतो आणि दोन रुपयांचं चॉकलेट हातावर ठेवतो. लाईन कार्डावरची गोळाबेरीज तशीच असते. पण मालाच्या किमतीच मुळात दहा, वीस, पन्नास अशा ठेवल्या, तर? चॉकलेटचा प्रश्नच मिटला. इंटरनेट कंपनीची बाजू एव्हाना डिजिटल झाली होती. आमच्या रॅकला फोनच्या सुट्या तारा येत नसत, ई-वनची केबल यायची आणि एकीवर ३० फोन. म्हणजे आमच्या टोकाला लहर मोजण्याचा प्रकारच नव्हता. आम्ही थेट त्या २५६ पायऱ्यांचे आकडे पाठवायचो आणि तुमच्या एक्स्चेंजचं लाईन कार्ड त्या त्या उंचीचा विजेचा दाब तुमच्या तारेवर ठेवायचं. तुमच्या मोडेमने फक्त पायरी ओळखायची, सेकंदाला ८,००० वेळा.

तरी ६४ हजार का नाहीत? कारण त्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. हळू बोलणंही स्पष्ट ऐकू यावं म्हणून शून्याजवळच्या पायऱ्या एकमेकींना अगदी खेटून ठेवलेल्या असतात. तुमच्या तारेवरच्या जराशा खरखरीत त्या एकमेकींत मिसळून जातात. ओळखता येतील अशा १२८ धरल्या की ७ बिट्स, आणि ८,००० गुणिले ७ म्हणजे ५६,०००. डब्यावर छापलेला आकडा हा, आदर्श लाईनवरचा. अमेरिकेत सिग्नलच्या ताकदीवर सरकारी मर्यादा होती, म्हणून तिथे ५३,३३३ च्या वर परवानगीच नव्हती. १९९७ मध्ये एक्स-टू आणि के-५६-फ्लेक्स अशा दोन न जुळणाऱ्या पद्धती बाजारात भांडत होत्या. १९९८ मध्ये व्ही.९० हा एकच नियम ठरला.

हे सगळं येण्याच्या दिशेला. तुमच्याकडून जाणारी लहर लाईन कार्ड कोणत्या क्षणी मोजणार हे तुमच्या मोडेमला ठाऊक नसतं, म्हणून जाताना पुन्हा गोळाबेरीज आणि पुन्हा ३३,६००. व्ही.९२ ने ते ४८,००० पर्यंत नेलं, पण तोवर लोकांचं लक्ष ब्रॉडबँडकडे गेलं होतं.

आता तुमचे आकडे. व्ही.३४ चा वेग २,४०० च्या पायरीने चढतो: २६,४००, २८,८००, ३१,२००, ३३,६००. व्ही.९० चा चढतो ८,००० च्या सहाव्या भागाने, म्हणजे १,३३३ ने, कारण तिथे सहा-सहा मापांचा गट करून बिट्स वाटतात: ४४,०००, ४५,३३३, ४६,६६६, ४८,०००, ४९,३३३. म्हणजे ४५,३३३ दिसलं त्या दिवशी ५६के खरोखर चालू होतं, आणि ३१,२०० दिसलं त्या दिवशी ते जमलंच नव्हतं, मोडेम जुन्या पद्धतीवर उतरला होता. तक्रारीचा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारायचो, आकडा किती? अर्धं निदान तिथेच व्हायचं. कुणी ‘१,१५,२००’ म्हणालं तर समजायचं की तो कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या केबलचा वेग वाचतोय, लाईनचा नाही.

ते का जमत नसे? अट एकच: आमच्या रॅकपासून तुमच्या घरापर्यंत लहर आणि आकडे यांची अदलाबदल एकदाच व्हायला हवी, तीही तुमच्या लाईन कार्डावर. ऑफिसमधून ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसच्या आतल्या छोट्या एक्स्चेंजच्या एक्स्टेंशनवर मोडेम लावलात की मध्ये आणखी एक अदलाबदल, आणि ५६के संपलं. गावातलं एक्स्चेंज आणि जिल्ह्याचं एक्स्चेंज यांना जोडणारी जंक्शन लाईन जुन्या अॅनालॉग पद्धतीची, म्हणजे आकड्यांऐवजी लहर नेणारी असली तरी तेच. सगळ्यात वाईट म्हणजे बिनतारी लूपवरचे फोन, ज्यांत घरापर्यंत तारेऐवजी रेडिओ असायचा. त्यांत आवाज ६४ ऐवजी ३२ हजारांत दाबून बसवायचे; माणसाला फरक कळत नसे, पण रांगोळी पार पुसली जायची आणि ९,६०० सुद्धा मुश्किलीने मिळायचे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने केलेल्या कॉरडेक्ट या बिनतारी फोन पद्धतीत म्हणूनच इंटरनेटला आवाजाच्या वाटेने न नेता ३५ किंवा ७० हजारांची वेगळी डिजिटल वाट दिली होती. हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते डायल-अपवर काम केलेल्या माणसालाच कळेल.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने जनतेसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा ९,६०० आणि १४,४०० चे मोडेम असणं ही चैन होती. त्याआधी १९८९ मध्ये मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेतून अमेरिकेला जोडणारी एर्नेटची, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याची लाईनही ९,६०० चीच होती, आणि तीवर देशभरातल्या संस्थांची ईमेल जायची. हे सांगितलं की माझा भाचा हसतो.

मग पाऊस. एका तालुक्याच्या गावच्या डॉक्टरांची तक्रार होती की उन्हाळ्यात ४४ हजार मिळतात आणि जूनपासून १९,२००, तेही दर पंधरा मिनिटांनी तुटतं. लाईनमन दोनदा येऊन गेला, कानाला रिसीव्हर लावून ‘डायल टोन आहे, लाईन ओके’ म्हणून गेला. तिसऱ्यांदा मी सोबत गेलो. खांबावरून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरचा जोड हाताने पिळून वर टेप गुंडाळलेला, आत तांबं हिरवं पडलेलं. ओल आली की तिथे बारीक चरचर व्हायची. बोलताना ती कुणाला ऐकूही येत नव्हती. कान अशा गोष्टी सोडून देतो. मोडेमला मात्र प्रत्येक चरचरीला ठिपके चुकीचे दिसायचे, चुकलेलं पुन्हा मागवावं लागायचं आणि शेवटी तो हात टेकायचा. जोड कापून नवा केला, ४४ हजार परत. जाता जाता दवाखान्यातला समांतर फोनही काढायला लावला, कारण कंपाउंडर मधूनच उचलून ‘हॅलो’ म्हणायचा.

वेगाबद्दलचा आणखी एक गैरसमज चटकन सांगून टाकतो. ४५,३३३ हे बिट्स आहेत. फाईल उतरताना दिसायचे ते किलोबाइट, म्हणजे आठाने भागून साडेपाचच्या आतबाहेर. १२८ च्या दर्जाचं चार मिनिटांचं एमपी३ गाणं ३.८ एमबीचं, त्याला अकरा-बारा मिनिटं लागायची. साधा मजकूर मोडेमच्या व्ही.४२बिस दाबणीमुळे (कॉम्प्रेशनमुळे) कधी कधी दुप्पट-तिप्पट वेगाने यायचा, पण झिप आणि जेपीजी आधीच दाबलेले, तिथे काही उपयोग नाही.

ब्रॉडबँडचं कोडं एव्हाना सुटलं असेल. २००५ च्या जानेवारीत २५६ हजारांचं ब्रॉडबँड आलं, तेव्हा एक्स्चेंजमध्ये तुमची तार लाईन कार्डावर चढायच्या आधीच फोडून दुसऱ्या यंत्राला दिली. त्या वाटेत ३,४०० हर्ट्झची चाळणीच नाही. एडीएसएल, म्हणजे तांब्याच्या तारेवरच्या या ब्रॉडबँडची पद्धत, १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतं, म्हणजे साडेतीनशे पट रुंद वाट. अंतराचा त्रास तिथेही असतो, एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवर वेग गळतो, पण तांब्यात ती ताकद पहिल्यापासून होती.

आता फायबरचा डबा. त्याच्या जॅकला मोडेम लावाल तर डायल टोन येईल आणि नंबरही लागेल. पण आत तुमचा आवाज तुकडे करून इंटरनेटच्या पाकिटांतून जातो. एखादं पाकीट हरवलं किंवा उशिरा आलं तर यंत्र अंदाजाने भर घालतं. बोलण्यात ते खपतं, रांगोळीत नाही. १,२००-२,४०० वर कदाचित टिकेल, त्याहून जास्त धरून चालू नका. शिवाय फोन लावणार कुठे? अमेरिकेतल्या एओएल या इंटरनेट कंपनीनेही ३० सप्टेंबर २०२५ ला डायल-अप बंद केलं.

आवाजासाठीच वाजवून बघायचा असेल तर भंगारवाल्याकडून दुसरा मोडेम मिळवा, दोघांच्या लाईनच्या जॅकमध्ये फोनची हातभर वायर टाका. एकाला ‘एटीएक्स३डी’ हा हुकूम द्या, म्हणजे तो डायल टोनची वाट बघणार नाही, आणि दुसऱ्याला ‘एटीए’, म्हणजे तो फोन उचलल्यासारखं उत्तर देईल. बहुतेक मोडेम तारेवर एक्स्चेंजचा ४८ व्होल्टचा दाब नसतानाही जोडले जातात. अख्खी वाटाघाट ऐकू येईल. दोन्ही डबे ५६के असतील, मध्ये ना एक्स्चेंज, ना पाऊस, ना गंजका जोड. तरी स्क्रीनवर फार तर ३३,६०० येतील, कारण दोन्ही टोकांना लहरच आहे आणि थेट पायऱ्यांचे आकडे पाठवणारं कुणीच नाही.